नळाला आधी ‘पिंग’ करा: घरातल्या पाण्याचा बिघाड नेटवर्कच्या शिस्तीने कसा शोधायचा

इंदूरच्या मराठी घरांत आता कॉम्प्युटरवर काम करणारं कुणीतरी असतंच. वायफाय बंद पडलं की हा माणूस कसा वागतो ते आठवा. एकाच मोबाइलवर बंद आहे की सगळ्यांच्या, हे आधी विचारतो. मग राउटरचे दिवे पाहतो, केबल दाबून बघतो आणि सेटिंगला हात सगळ्यात शेवटी लावतो. न्हाणीघरातली धार बारीक झाली की हीच शिस्त विसरली जाते. लगेच पाना निघतो, जुना नळ उतरतो, नवा चढतो, आणि धार होती तेवढीच राहते. अडथळा गच्चीवरच्या व्हॉल्व्हमध्ये होता आणि तिथे कुणी गेलंच नव्हतं.

पाण्याची लाइन नेटवर्कसारखीच चालते. हौद आणि टाकी हे साठवणारे सर्व्हर, व्हॉल्व्ह म्हणजे स्विच, नळ हे शेवटचं यंत्र. मिनिटाला किती लिटर येतं ती बँडविड्थ, गरम पाण्याची वाट पाहावी लागते ती लेटन्सी, गळती म्हणजे वाटेत हरवलेले पॅकेट, अर्थात माहितीचे तुकडे. ‘पिंग’ म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणं. ही सांगड मजेची वाटली तरी बिघाड शोधताना ती खरोखर उपयोगी पडते. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: हात लावण्याआधी बॅकअप

नर्मदेचे नळ बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतात, म्हणून दिवस निवडणं महत्त्वाचं. नळ येऊन गेले आहेत, टाकी भरलेली आहे आणि हार्डवेअरची दुकानं उघडी आहेत अशी सकाळ धरा. रविवारी संध्याकाळी काम काढलं आणि एखादा आटा तुटला, तर सोमवारी दुकान उघडेपर्यंत घर कोरडं.

दोन बादल्या न्हाणीघरात आणि एक पातेलं स्वयंपाकघरात भरून ठेवा. मग हे सामान एका जागी काढा: १० लिटरची खूण असलेली बादली, स्टॉपवॉचसाठी मोबाइल, टॉर्च, स्लाइड पाना, पेचकस, टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंची वॉशर चार-पाच, जुना टूथब्रश, टिश्यू पेपर, दोन मीटर रबरी नळी क्लिपसकट, चिकटपट्टी आणि मार्कर. लिंबूसत्त्वाचं एक पाकीटही आणून ठेवा, बोरिंगचं पाणी वापरणाऱ्या घरात ते लागणारच.

सावधान: मोटर आणि गिझर दोन्हींचे एमसीबी (पेटीतले वीज तोडणारे स्विच) खाली पाडा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. पाणी नसलेला गिझर चालू राहिला तर हीटर जळतो.

## टप्पा २: टोपोलॉजी काढा

एक कागद घ्या आणि पाण्याची वाट काढा: नगर निगमची जोडणी, हौद, मोटर, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), गच्चीवर चढणारी लाइन, टाकीतला बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप अडवणारा), टाकीची निकासी, तिच्यावरचे व्हॉल्व्ह, खाली उतरणाऱ्या लाइनी, प्रत्येक न्हाणीघराचा व्हॉल्व्ह, अँगल कॉक (नळाच्या आधी भिंतीवर असलेला छोटा व्हॉल्व्ह), नळ. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्या आणि तोच चिकटपट्टीवर लिहून व्हॉल्व्हवर लावा.

कुठला व्हॉल्व्ह कुठे जातो हे घरातल्या कुणालाच नक्की ठाऊक नसतं. तो बंद करा, कोणते नळ सुकतात ते पाहा आणि लिहा. पाइपाला समांतर दांडी म्हणजे बॉल व्हॉल्व्ह उघडा, आडवी दांडी म्हणजे बंद. गोल मुठीचा गेट व्हॉल्व्ह मात्र फसवतो. त्याची मूठ फिरत राहते, पण आतली पाती दांड्यापासून सुटून खालीच पडलेली असते. बाहेरून उघडा दिसणारा हा व्हॉल्व्ह अख्ख्या घराची धार मारतो आणि दोष नळांवर येतो.

तुमची हद्दही याच कागदावर आखा. जलूदहून, म्हणजे नर्मदेचं पाणी उचललं जातं तिथून, सुमारे ७० किलोमीटर चालत येणारं पाणी तुमच्या जोडणीपर्यंत आणणं हे निगमचं काम आहे. हौदातच कमी पडतंय असं वाटलं तर पाना उचलण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही कमी असेल तर बिघाड तुमच्या नेटवर्कमध्ये नाही, घरात काही उघडू नका आणि तक्रार नोंदवा.

## टप्पा ३: बँडविड्थ मोजा

‘धार कमी आहे’ ही तक्रार झाली, आकडा नाही. सगळे नळ बंद करून एकच नळ पूर्ण उघडा आणि १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. ६०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते निघतं. ७५ सेकंद लागले तर ८ लिटर, १५० लागले तर ४. प्रत्येक नळाचा आकडा नकाशावर त्याच्याशेजारी लिहा. मग दोन नळ एकत्र उघडून पुन्हा मोजा. एकटा नळ चांगला चालतो आणि दुसरा उघडला की दोन्ही मरतात, तेव्हा दोष नळात नसतो. सामाईक लाइन अरुंद असते किंवा अर्धवट बंद.

आता उंची मोजा. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या वर जितके मीटर, त्याला ०.१ ने गुणलं की साधारण दाब मिळतो, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. वरच्या मजल्यावरच्या शॉवरच्या तोंडापासून पाणी जेमतेम दोन मीटर वर असतं, म्हणजे दाब ०.२. मोठा पावसासारखा शॉवर एवढ्यावर चालणारच नाही. तुम्ही घेतलेला प्लॅनच तेवढ्या स्पीडचा आहे. टाकी उंचावर चढवा, नाहीतर प्रेशर पंप लावा. शॉवर बदलण्यात पैसे घालवू नका.

गरम पाण्याला वेळ लागतो त्याचाही हिशोब सोपा आहे. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात दर मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. गिझर १० मीटर लांब असेल तर आधी अडीच लिटर थंड पाणी निघणार, आणि मिनिटाला ६ लिटर धारेला त्याला २५ सेकंद लागणार. इथे लोक हमखास एक चूक करतात. गरम पाणी ‘जोरात’ यावं म्हणून गिझरपासून जाड पाइप टाकतात, आणि जाड पाइपात थंड पाणी जास्त मावतं म्हणून थांबावं लागणारा वेळ वाढतो. बँडविड्थ वाढवून लेटन्सी कमी होत नाही.

## टप्पा ४: पिंग, मग ट्रेसरूट

आता नकाशा हातात घेऊन प्रत्येक नळ पाच-पाच सेकंद उघडा. काय बंद आहे यापेक्षा काय चालू आहे हे जास्त सांगून जातं.

एकच नळ मंद असेल तर दोष त्या नळात किंवा त्याच्या अँगल कॉकमध्ये. एका न्हाणीघरातले सगळे मंद असतील तर त्या फांदीचा व्हॉल्व्ह. घरभर मंद असेल तर गच्चीवर जा. टाकीची पातळी, निकासीवरचा व्हॉल्व्ह आणि निकासीच्या तोंडाशी साचलेला गाळ पाहा. थंड सगळीकडे ठीक आणि गरम सगळीकडे मंद असेल तर गिझरच्या आत जाणाऱ्या बाजूचा एनआरव्ही किंवा क्षार.

संशयित फांदी ठरली की ट्रेसरूट, म्हणजे वाटेत नेमकं कुठे अडतंय ते शोधणं: फांदीचे दोन भाग करा. अँगल कॉक बंद करा, नळाकडे जाणारी कनेक्शनची नळी खालून सोडवा, बादली धरा आणि कॉक पूर्ण उघडा. इथे मिनिटाला १५ लिटर आणि नळाला ५ मिळत असतील तर अडथळा या दोघांच्या मधेच आहे. इथेही ५ च असतील तर नळाला हात लावू नका, वर सरका आणि उरलेल्या लाइनीच्या मधल्या जोडावर हेच करा. चार जोडांच्या लाइनीत दोन-तीन मोजण्यांत जागा सापडते. नळापासून सुरुवात करून एकेक वस्तू बदलत गेलात तर सामानाचा खर्च होतो आणि कुठल्या बदलाने काय झालं ते कधीच कळत नाही.

तपासा: बिघाड दोन व्हॉल्व्हच्या मधे बांधला गेला का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ५: शेवटचं यंत्र, म्हणजे नळ

नळाच्या तोंडाला एरेटरची जाळी असते. बाहेरून कापड गुंडाळा आणि हाताने किंवा हलक्या पान्याने फिरवून काढा. जाळीतला कचरा हा तुमचा लॉग आहे, धुण्याआधी तो वाचा. वाळू किंवा लालसर गाळ असेल तर टाकी धुवायची वेळ झाली आहे. पांढरे कडक कण म्हणजे जड पाण्याचा क्षार. काळे मऊ तुकडे म्हणजे वरच्या कुठल्यातरी जोडातला रबरी वॉशर झिजून सुटतोय. कारण तसंच राहिलं तर जाळी पुन्हा भरेल.

क्षारासाठी ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा, त्यात जाळी अर्धा ते एक तास ठेवा आणि टूथब्रशने घासा. क्रोमवर तेजाब लावू नका, वरचा थर जातो.

टेफ्लॉनच्या चुका रोज दिसतात. आट्याचं टोक तुमच्याकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळलेली टेप कसताना सुटून गोळा होते, आणि तिचे धागे पुढच्या जाळीत जाऊन अडकतात. अर्ध्या इंची धातूच्या आट्याला आठ-दहा वेढे पुरेत. कनेक्शनच्या नळीच्या नटात आत रबरी वॉशर असतो, तिथे टेप लावायचीच नाही. प्लॅस्टिकचा आटा हाताने बसवून पान्याने पाऊण फेरा द्या. त्यापुढे कसलात तर आज गळणार नाही, पण बाहेरच्या भागाला भेग जाईल.

## टप्पा ६: टाकी भरलेली, नळ मात्र कोरडा

टाकी धुतली किंवा पूर्ण रिकामी होऊन भरली की हा प्रकार होतो. नळ दोन-चार उचक्या देतो आणि गप्प बसतो. लाइनीत कुठेतरी पाइप वर चढून पुन्हा खाली उतरलेला असतो, त्या कमानीत हवा अडकते, आणि टाकीची उंची कमी असल्यामुळे पाणी तिला ढकलू शकत नाही. प्लंबर न बोलावता हे सुटतं:

1. टाकी निदान अर्धी भरा.
2. त्या लाइनीवरचे सगळे नळ उघडा, सगळ्यात खालचा आधी. दहा मिनिटं थांबा.
3. नाही सुटलं तर जोरात पाणी येणाऱ्या नळाला रबरी नळी लावा, दुसरं टोक कोरड्या नळाला क्लिपने घट्ट बसवा. आधी कोरडा नळ उघडा, मग जोराचा. अर्धा ते एक मिनिट पाणी उलटं जाऊ द्या.
4. जोराचा नळ बंद करा, नळी लगेच काढा आणि कोरडा नळ उघडा ठेवून पाहा.

पिण्याच्या लाइनीत उलटं पाणी सोडायचं तर पिण्याचंच सोडा, बोरिंगचं नको. दर महिन्याला हे होत असेल तर टाकीच्या निकासीवरच्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे हवेचा उभा पाइप बसवून घ्या. त्याचं उघडं तोंड टाकीच्या सर्वात वरच्या पातळीहूनही उंच हवं, नाहीतर त्यातून पाणी सांडेल.

## टप्पा ७: लूप, अर्थात थंड नळाला कोमट पाणी

हा बिघाड सगळ्यात जास्त चुकीचा ओळखला जातो. बेसिनच्या थंड नळाला कोमट पाणी येतं, किंवा गिझर तापूनही बादली गार निघते. दोष गिझरला दिला जातो, थर्मोस्टॅट बदलला जातो, फरक पडत नाही.

खरी भानगड अशी, की कुठल्यातरी मिक्सरची (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाची) गरम आणि थंड दोन्ही मुठी उघड्या राहिल्या आहेत आणि पाणी फक्त हँड शॉवरच्या खटक्याने अडवलं आहे. बाहेर पाणी पडत नाही, म्हणून नळ बंद आहे असं वाटतं. आत मात्र दोन्ही लाइनी एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. दुसरीकडे थंड नळ उघडला की त्या बाजूचा दाब उतरतो आणि गरम पाणी मिक्सरमधून थंडाच्या लाइनीत शिरतं. दोन स्विच चुकून दोन केबलांनी जोडल्यावर जसा सगळा घोळ होतो, तसंच हे आहे.

शोधायचं असं: प्रत्येक मिक्सरखालचे दोन्ही अँगल कॉक एकेक करून बंद करा. एक मिक्सर बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, बेसिनचा थंड नळ सोडा, हात लावून पाहा. ज्या मिक्सरला तोडल्यावर पाणी गार झालं, लूप तिथेच. मुठी उघड्या असतील तर त्या बंद करणं एवढाच उपाय. एकाच दांडीचा मिक्सर असेल आणि दांडी बंद असूनही पाणी मिसळत असेल तर आतलं कार्ट्रिज (पाणी मिसळणारा आणि बंद करणारा सुटा भाग) झिजलं आहे, ते बदला. घरात लहान मुलं असतील आणि खटक्याची सवय सुटत नसेल, तर त्या मिक्सरच्या दोन्ही लाइनींवर एनआरव्ही बसवा.

सावधान: गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याचं तोंड कधीही बुजवू नका. तापल्यावर पाणी फुगतं, तो दाब तिथूनच सुटतो.

## टप्पा ८: हरवलेले पॅकेट

रात्री सगळे झोपल्यावर मोटर बंद ठेवून टाकीतल्या पाण्याची उंची काठीने मोजा, पहाटे पुन्हा मोजा. १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर. चार सेंटिमीटर उतरलं तर ३८ लिटर कुठेतरी गेले. दुसऱ्या रात्री निकासीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून मोजा. तरीही उतरलं तर टाकी किंवा तिचा जोड, नाही उतरलं तर खालच्या लाइनी. तिसऱ्या रात्री एकच लाइन उघडी ठेवा.

बहुतेकदा चोर फ्लशची टाकी निघते. तिच्यात चमचाभर खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर बदला. जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा, बोटाला न कळणारी ओल कागदाला कळते. टपकणाऱ्या नळाखाली दहा मिनिटं मापाचा ग्लास ठेवा आणि आलेल्या पाण्याला १४४ ने गुणा, तो दिवसाचा आकडा.

## टप्पा ९: बाहेर जाणारी वाहतूक

ड्रेनेज तुंबलं की आधी बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे आहे, आणि अशा वेळी घरातला ट्रॅप (निचऱ्याच्या पाइपातला पाणी धरून ठेवणारा भाग) उघडलात तर घाण न्हाणीघरात येईल. चेंबर रिकामं असेल तर आत या. एकच बेसिन अडलं असेल तर त्याचा बॉटल ट्रॅप: खाली बादली ठेवा, तळाची वाटी हाताने फिरवून काढा, धुवा, वॉशर होता त्याच बाजूने बसवा.

ट्रॅपमधलं थांबलेलं पाणी हीच तुमची फायरवॉल. वास आणि झुरळं त्यानेच अडतात. पाहुण्यांचं न्हाणीघर महिनोन्महिने न वापरल्यावर हे पाणी वाळतं आणि घरभर वास पसरतो. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता.

तेजाब आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आधी एक टाकून बघू, नाही झालं तर दुसरं, असंही करू नका.

## टप्पा १०: नर्मदा आणि बोरिंग, दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी

दोन्ही पाणी घरात असेल तर त्यांच्या लाइनी टी आणि एका व्हॉल्व्हने जोडलेल्या नसाव्यात. व्हॉल्व्ह झिजतो, आणि मग एक पाणी दुसऱ्यात शिरतं. दोन वेगळ्या टाक्या उत्तम. एकच टाकी असेल तर दोन्ही पाइप स्वतंत्रपणे वरून, पाण्याच्या पातळीहून उंचावरून पडू द्या.

निगमच्या लाइनीला सरळ मोटर लावून पाणी ओढू नका. लाइनीत उणा दाब तयार होतो, आणि कुठेही भेग असेल तर बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. ते तुमच्याच नाही, शेजाऱ्यांच्या पिण्यातही जातं. पाणी आधी स्वतःच्या ओढीने हौदात पडू द्या, मोटर हौदातून वर चढवायला लावा. बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळीही हेच करते, म्हणून नळीचं तोंड बादलीच्या काठाच्या वर असू द्या.

## टप्पा ११: बदलाची नोंद

एका वेळी एकच बदल करा. वॉशर बदलला की मोजा, मग व्हॉल्व्हकडे वळा. काढलेली वस्तू लगेच फेकू नका. दुकानात माप दाखवायला ती लागते, आणि नवीन नीट बसली नाही तर तीच परत लावता येते.

काम झालं की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, सगळे नळ एकदा मोकळे सोडून हवा जाऊ द्या, गरम नळाला सलग धार येते आहे हे पाहून मगच गिझरचा एमसीबी वर करा. प्रत्येक नव्या जोडावर टिश्यू एक तासाने फिरवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. बादलीने मोजलेले नवे आकडे जुन्यांच्या शेजारी तारखेसह लिहा आणि कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी येणारा प्लंबरही तिथूनच सुरुवात करेल.